एकशेदोन किलोंचे मापकाका

रोज सकाळी साडेनऊला मापकाका चपला काढून वजनकाट्यावर उभे राहत आणि चाचणीघराच्या प्रमुख बाई चष्मा कपाळावरून नाकावर आणून आकडा वाचत. एकशेदोन. अर्धा किलो इकडे, अर्धा किलो तिकडे, एवढीच सूट. त्याहून जास्त फरक पडला तर त्या दिवशी काकांना कशावरही बसायला बंदी. सतरा वर्षांत असे दिवस आले फक्त चार. त्यातले तीन पोट बिघडल्याचे आणि एक मेहुणीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा.

वजनावर पोट चालणं ही काही नवलाची गोष्ट नाही, सगळ्या दुकानदारांचं तसंच चालतं. काकांचं मात्र स्वतःच्याच वजनावर चालायचं. त्यांच्या चाचणीघरात नव्या तऱ्हेचं बांधकामाचं आणि घरातलं सामान तपासायला यायचं. सिमेंट, लोखंड आणि झाडं वाचवून इमारती उभ्या करायच्या, अशी हवा सुटली होती. हुशार मंडळी जगातल्या प्रत्येक टाकाऊ वस्तूकडे ‘हिची भिंत होईल का’ अशा नजरेने बघू लागली होती. पेंढ्याच्या विटा यायच्या, चिंध्यांच्या लगद्याची छतं यायची, काथ्याच्या गाद्या यायच्या. एकदा कॉफीच्या चोथ्याचं टेबल आलं. त्याच्या वासाने सगळ्यांना दोन दिवस तरतरी आली आणि तिसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचा ग्लास सांडला तर टेबलच वाहायला लागलं. मग भूछत्राच्या मुळांपासून वाढवलेलं एक स्टूल आलं. ते नीट भाजलेलं नसावं, कारण रविवारच्या सुट्टीत त्याच्या पायाला एक गोंडस छत्री फुटली. बाईंनी अहवालात लिहिलं, ‘नमुना अद्याप वाढत आहे.’

यातलं जे बसण्याजोगं असेल ते काकांच्या वाट्याला. खरं तर खुर्च्या तपासायला एक यंत्र होतं. ते खुर्चीवर दर तीन सेकंदांनी वजन आदळायचं. बसता लाथ उठता बुक्की म्हणजे काय, ते त्याच्याकडे बघून कळायचं. पण माणूस काही तसा बसत नाही. माणूस टेकतो, रेलतो, सरकतो, एका बाजूला कलंडतो. हे बाईंना उमगलं ते काकांमुळेच.

त्याचं असं झालं. काका तेव्हा टेंपो चालवायचे. कुठल्याशा कारखान्याचं सामान पोचवायला ते इथे आले आणि पावतीवर सही मिळेपर्यंत समोरच्या खुर्चीत जरा विसावले. खुर्ची मोडली. काका खाली, पाय वर. काकांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्या खुर्चीवर ‘नमुना, हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती, आणि काकांनी तर भलतंच काही लावलं होतं. तेवढ्यात आतून बाई धावत आल्या. मोडक्या खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, “कसे बसला होतात? नक्की कसे? बसून दाखवा बघू परत!” त्या खुर्चीला यंत्र अकरा दिवस ठोकत होतं आणि तिला ओरखडाही पडला नव्हता. काकांनी ती दीड मिनिटात निकालात काढली होती. पुढच्या महिन्यापासून काका नोकरीला.

नातेवाइकांनी व्हायची ती थट्टा केली. काकांचे मोठे भाऊ तर चारचौघांत सांगायचे, “आमचा धाकटा बसून खातो.” काका चिडायचे नाहीत. त्यांनी आपल्या कामाचं शास्त्र केलं होतं. त्यांच्या एकूण चोवीस बैठका होत्या आणि प्रत्येकीला त्यांनी स्वतः नाव दिलं होतं. पहिली, मुलगी बघायला आलेल्याची, म्हणजे अगदी काठावर. चौथी, खिशातून वाजणारा फोन काढायची, एका कुल्ल्यावर. नववी, खाली पडलेलं पेन न उठता उचलायची. बारावी, शेजारचं भांडण ऐकू यावं म्हणून मागे वळलेल्याची. आणि सतरावी, पोटभर जेवलेल्याची. डोक्यामागे हात, पुढचे दोन पाय हवेत, आणि सगळा भार पाठीवर आणि मागच्या दोन पायांवर. या सतराव्या बैठकीने भल्याभल्या खुर्च्यांना लोळवलं होतं. बाहेरगावचे खुर्चीवाले एकमेकांना फोनवर विचारायचे, “सतरावी पार पडली का रे?”

अशा माणसाला एक लेक होती, आणि ती इमारती बांधणाऱ्या एका मोठ्या साहेबांच्या कचेरीत सामानाचे आराखडे करायची. सध्या तिच्या डोक्यात एकच विषय होता. नवं वाचनालय उभं राहत होतं. भिंती पेंढ्याच्या, वर मातीचा गिलावा, खिडक्या पाडलेल्या घरांच्या जुन्या सागाच्या. आता राहिल्या होत्या फक्त वाचकांच्या दोनशे खुर्च्या. लेकीचं म्हणणं, त्याही गव्हाच्या काडाच्या करू. काड दाबून, पिठाच्या खळीने बांधून. साहेब म्हणाले होते, “कर. पण तपासणीत पास झाली पाहिजे. महिन्याअखेरपर्यंत नाही झाली तर मी प्लास्टिकच्या आणतो आणि तू यापुढे पडद्यांचे रंग निवड.” दोन वर्षं ती पडद्यांचे रंगच निवडत होती. ही तिची पहिली स्वतःची वस्तू.

खुर्चीच्या पाठीचा आकार काढण्यासाठी तिने सहा महिन्यांपूर्वी बापालाच उघडं बसवून ओल्या मातीच्या खोक्याला टेकायला लावलं होतं. काकांचा उजवा खांदा दोन बोटं खाली आहे, टेंपोच्या खिडकीत कोपर ठेवून ठेवून उतरलेला. काका म्हणाले, “अगं, सरळ पाठीचा कुणीतरी बघ की.” ती म्हणाली, “सरळ पाठीचा माणूस फक्त चित्रात असतो. हलू नका.” मग ती माती सुकली, तिने खोकं उचलून नेलं आणि काका ते विसरून गेले.

चाचणीघरात नमुने नाव-गाव नसलेले येतात, फक्त नंबर घालून. कुणाची खुर्ची ते कुणाला कळू नये असा नियमच आहे. त्या सोमवारी एक खोकं आलं. काकांनी ते फोडलं आणि आतली खुर्ची बाहेर काढून ठेवली. मधाच्या रंगाची, काड उन्हात चमकावं तशी चमकणारी. पाठ थोडी वळलेली. आणि उजव्या बाजूला दोन बोटं उतरलेली.

काकांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच पाठ टेकवली. शिंप्याने अंगावर बेतलेल्या सदऱ्यासारखी ती बसली.

इथे काकांनी सरळ बाईंकडे जाऊन “ही माझ्या लेकीची, मी बसणार नाही” असं सांगायला हवं होतं. कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण दुसरं बसणार तरी कोण होतं? आणि शिवाय, आपला तो बाब्या. काकांना बाकी कशातलं कळो न कळो, काडाच्या खुर्च्यांतलं कळत होतं. यापूर्वी अशा तीन आल्या होत्या. नव्वदपर्यंत छान, पंच्याण्णवला जरा कुरकुर आणि शंभर ओलांडले की सतराव्या बैठकीत राम म्हणायच्या. ही एकशेदोनला टिकणार नाही. अठ्ठ्याण्णवला मात्र टिकेल, कदाचित.

बसण्याआधी काडाचा नमुना आठ दिवस बंद खोलीत ठेवतात, हवेतला दमटपणा त्यात सारखा मुरावा म्हणून. म्हणजे काकांच्या हातात आठ दिवस होते. आणि उतरवायचे होते चार किलो.

ज्या माणसाने सतरा वर्षं आपलं वजन लेकरासारखं जपलं, तो उपाशी राहू लागला. डबा दुपारी फाटकावरच्या रखवालदाराला जायचा. आठ दिवसांत रखवालदाराचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. घरी रात्रीच्या जेवणाला काका “आज ऑफिसातच फार झालं” म्हणायचे आणि अर्ध्या भाकरीवर उठायचे. पोटात कावळ्यांची सभा भरलेली. काकूंना चौथ्या दिवशी विजार खाली घसरताना दिसली आणि त्यांनी त्यांना कोपऱ्यात गाठलं.

“अहो, खरं सांगा. कुठे दुखतंय का?”

“छे.”

“मग कुणी भेटलीय का?”

“या वयात? आणि या देहाला?”

“देह कमी करताय म्हणूनच विचारते,” काकू म्हणाल्या. काकांनी गॅसवर ढकललं. काकूंनी विश्वास ठेवला नाही, पण ओवा मात्र दिला.

राहिला सकाळचा काटा. त्यासाठी काकांनी जुने लोखंडी नटबोल्ट गोळा केले. रोज जेवढं वजन घटेल तेवढे बोल्ट खिशात आणि कमरेला बांधलेल्या पंच्यात. पहिल्या दिवशी अर्धा किलो, शेवटी चार. ते चालायला लागले की बैलाच्या गळ्यातल्या साखळीसारखा आवाज यायचा. बाईंनी एकदा कान टवकारले. “काका, काय वाजतंय?” “चिल्लर साठलीय हो,” काका म्हणाले. “एकशेदोन,” बाईंनी आकडा वाचला आणि वहीत लिहून टाकला. त्यांनी काकांच्या डोळ्यांकडे बघितलंही नाही. सतरा वर्षांत कधी बघावं लागलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी काकांनी काट्यावरून उतरून मोरीत बोल्ट काढून ठेवले आणि हलक्या अंगाने, जड मनाने येऊन बसले. पहिली बैठक झाली. चौथी झाली. नववीला पेन उचललं. बारावीला वळले. खुर्चीने हूं की चूं केलं नाही. सतरावीला काकांनी हात डोक्यामागे घेतले, पण ज्या ऐटीने ते रोज मागे झोकून देत तसं दिलं नाही. ते जपून जपून मागे गेले, गरम पाण्यात उतरावं तसे. खुर्ची दोन पायांवर उभी राहिली आणि पाठीच्या खालच्या सांध्यातून बारीक आवाज आला. कर्र.

बाईंनी मान वर केली. “आवाज आला का?”

“माझा गुडघा,” काका म्हणाले.

उरलेल्या सात बैठकाही पार पडल्या आणि बाईंनी सही केली. पास.

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती दारातूनच ओरडत. “आई! बाबा! पास झाली!” तिने काकांच्या गळ्यात हात टाकले, मग काकूंच्या, मग परत काकांच्या. “बाबा, ती माझी होती. तुम्हाला कळू दिलं नाही, ताकास तूर लागू दिली नाही! तुमच्याकडे सतराशे एक्याऐंशी नंबर आला होता ना? तीच!”

“असं होय?” काका म्हणाले. तोंडावर आश्चर्य आणताना त्यांचे गाल दुखले.

“आमच्या कचेरीजवळ दुसरं चाचणीघर आहे. साहेब तिकडेच पाठवत होते. मी भांडले. म्हटलं, इथेच पाठवायची.” ती खाली बसली आणि एकदम हळू बोलायला लागली. “काय होतं माहितीय बाबा, मी काही केलं की सगळे त्यावर जपून बसतात. आई तर टोकावरच बसते. कचेरीतले येतात, बोट लावतात, छान आहे म्हणतात, आणि उभेच राहतात. मला एक माणूस असा हवा होता जो माझी वस्तू आहे हे न बघता सगळं वजन टाकेल.”

काकू चहा टाकायला उठल्या. काका भिंतीकडे बघत राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे न खाल्लेल्याला खवखवत होतं.

त्या रात्री काकूंनी वाढलेलं सगळं काकांनी तसंच ताटात ठेवलं. त्यांना सारखा एक वाचक दिसत होता. एकशेपाच किलोंचा, सभ्य, चष्म्यातला. वाचनालयात शांतपणे जाडजूड कादंबरी वाचतोय. गोष्ट अगदी रंगात आलीय, जेवून आलाय, आणि आता तो बिचारा हात डोक्यामागे घेतोय.

सकाळी काका रिकाम्या खिशाने काट्यावर उभे राहिले. बाईंनी चष्मा खाली आणला, आकडा वाचला, काट्याला टिचकी मारली, परत वाचला. “सत्त्याण्णव पूर्णांक नऊ? काटा बिघडला वाटतं.”

काकांनी पिशवी उघडून नटबोल्ट बाईंच्या टेबलावर ओतले.

“हे काय?”

“माझे चार किलो,” काका म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. लेक, खांदा, डबा, गुडघा.

बाईंनी एक बोल्ट उचलून काट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, “काटा मी दर महिन्याला तपासून घेते, काका. तुम्हाला एकदाही तपासलं नाही.” हे ऐकून काकांना रडू कोसळलं. एकशेदोन किलोंचा, म्हणजे आता सत्त्याण्णव पूर्णांक नऊ किलोंचा माणूस, हुंदके देऊन रडला. बाईंनी रडू दिलं, आणि मग वहीतला निकाल लाल शाईने खोडला. “तुम्हाला काढायला पाहिजे. पण काढलं तर बसणार कोण? सरळ मोजून बसायला आठ दिवसांत या. पूर्ण एकशेदोन. ज्यांची खुर्ची आहे त्यांना समोर उभं करून. त्यानंतर तुमचं काय करायचं ते बघते.”

लेकीला सांगणं त्याहून अवघड गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे तुम्हाला वाटलं, मोडेल?”

“मोडेलच गं. मी ऐकलंय तिला. कर्र असं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिने साहेबांना स्वतःच फोन करून सांगितलं की निकाल रद्द झालाय, आणि साहेब काय बोलले ते तिने घरात कुणालाच सांगितलं नाही. घरात आवाज होता तो फक्त काकूंचा. त्यांना त्या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट लागली होती. “आठ दिवस माझा डबा त्या रखवालदाराने खाल्ला? आणि मी ओवा देत बसले?”

काकूंनी त्याचा वचपा काढला. आठवडाभर त्यांनी काकांना असं जेवू घातलं की काका ताटाला हात जोडायचे. सकाळी अंडी, मध्ये केळी, दुपारी दुप्पट डबा, वर दही, संध्याकाळी परत. रखवालदार फाटकाशी आशेने उभा राहायचा. काका त्याच्याकडे बघून मान हलवायचे आणि चावत राहायचे. आठव्या दिवशी काटा म्हणाला, एकशेदोन. बाईंनी आधी काकांचे खिसे चाचपले, कमर चाचपली, आणि मगच लिहिलं.

लेक भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. महिनाअखेरीला बारा दिवस होते.

सोळा बैठका झाल्या. खुर्ची गप्प. सतरावीला काकांनी हात डोक्यामागे घेतले आणि तसेच थांबले. पाय जमिनीला चिकटले होते. त्यांनी लेकीकडे बघितलं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांच्या खुर्च्या त्यांनी मोडल्या, कुणाचं तोंड कधी बघावं लागलं नव्हतं.

“बसा ना बाबा,” ती म्हणाली. “नीट बसा.”

काकांनी डोळे मिटले आणि टेंपोवाल्या काळातल्या ऐटीने एकशेदोनच्या एकशेदोन किलो मागे झोकून दिले. खुर्ची दोन पायांवर उभी राहिली. क्षणभर वाटलं, टिकली. मग कर्र, मग फट्, मग काका जमिनीवर, पाय वर.

लेक धावली. काकांनी आधारासाठी हात पुढे केला. ती त्यांच्या पायांना वळसा घालून खुर्चीपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि फुटलेल्या सांध्यात बोट घातलं.

“आडवं आहे!” ती ओरडली. “इथे काड आडवं पडलंय! उभं पाहिजे होतं! बाई, बघा ना, सगळीकडे उभं आणि नेमकं सांध्यात आडवं! एवढंच आहे! बारा दिवसांत नवी होते!” तिचा चेहरा असा उजळला होता की काकांना ती सहा वर्षांची असताना पहिल्यांदा सायकलवरून पडून हसत उठली होती, ते तोंड समोर आलं.

काकांचं ढोपर सोललं होतं आणि कंबर ठणकत होती. गेल्या तीन आठवड्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांनी जमिनीवरूनच मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “लिहा बाई. सतरावी बैठक. नापास.”

बाईंनी लिहिलं. काका एका कुशीवर वळून उठायला लागले, तोच लेकीने पर्समधून टेप काढली.

“उठू नका बाबा! तसेच राहा. पाय कुठवर गेलेत ते मोजायचंय.”

काका परत आडवे झाले.